गुणपत्रिका आणि पखवाज

(वाचनालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत मी संतसाहित्यावर बोलावे, अशी कार्यवाहांची मूळ सूचना होती. मराठीच्या प्राध्यापकाकडून ती अपेक्षा स्वाभाविकच आहे. मी विषय बदलून मागितला आणि त्यांनी तो विनातक्रार बदलून दिला, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. कारण अगदी साधे आहे. गेली पंचवीसेक वर्षे प्रवेशाच्या दिवसांत मी महाविद्यालयात अर्ज तपासण्याच्या टेबलाशी बसत आलो आहे. पेडणे आणि डिचोली या दोन महालांतील मुले आणि त्यांचे पालक समोर येतात. गुणपत्रिका, जन्मदाखला, रहिवासाचा दाखला पाहून झाला की उठता उठता पालक एक प्रश्न विचारतात. पूर्वी तो असा असे : “सर, याचं नाटकाचं वेड बंद करू ना?” अलीकडे त्याच खुर्चीवरून दुसरा प्रश्न येऊ लागला आहे : “सर, आणखी कसली सर्टिफिकेटं जोडली तर उपयोग होईल?” वरवर पाहता हे प्रश्न एकमेकांच्या विरुद्ध आहेत. मला मात्र ते एकाच भीतीच्या पोटी जन्मलेले दिसतात. त्या भीतीविषयी, आणि तिच्यापायी माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी, आज बोलावयाचे आहे.

‘अभ्यासेतर’ हा शब्द आपण हल्ली सहज वापरतो. आपल्या गावांत तो फार उशिरा आला. ज्याला आज आपण ‘इतर’ म्हणतो ते आपल्याकडे आधीपासून होते आणि शाळाच मागाहून आली. नव्या काबिजादींतील हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली गेले. सरकारी शिक्षण पोर्तुगीजमधून होते. मराठी अक्षर गिरविले गेले ते गावच्या शेणैमामाच्या देखरेखीखाली, देवळाच्या चौकात नाहीतर कोणाच्या तरी ओसरीवर. 1908 साली पणजीत मुष्टिफंड संस्था निघाली. घरोघरी रोज मूठभर तांदूळ बाजूला काढून त्यातून शिक्षणासाठी निधी उभारावा, ही तिच्यामागची कल्पना होती. 1910 मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, येथील हिंदू समाजाला संस्था काढण्याची मोकळीक मिळाली आणि मराठी शाळा व वाचनालये यांची एक लाटच उसळली. आपले वाचनालय हे त्याच लाटेचे अपत्य आहे. त्या काळी श्रावणात पोथी वाचणारा मुलगा, सप्ताहात टाळ धरणारा मुलगा आणि जत्रेच्या नाटकात नक्कल पाठ करणारा मुलगा असे तीन वेगळे मुलगे नसत. तो एकच असे. त्याला वाचता येते की नाही, याची परीक्षा मांडावर होई.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. 1962 मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले ही महाविद्यालये सुरू झाली. पेडण्यात जन्मलेले आपले पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कारकिर्दीत गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. याच गृहस्थांना फुटबॉलची आणि गाण्याची विलक्षण आवड होती, आणि कला अकादमीची स्थापना त्यांच्याच काळात, 1970 मध्ये झाली. शाळा आणि मैदान, शाळा आणि रंगमंच यांचे भांडण त्या माणसाच्या मनात नव्हते. भांडण पुढे लागले. 1975 मध्ये आपले स्वतंत्र शालान्त मंडळ झाले, मुले वाढली, महाविद्यालयातील जागा त्या मानाने वाढल्या नाहीत, आणि टक्का नावाची वस्तू घरात येऊन बसली.

माझ्या स्वतःच्या बाबतीत सांगायचे तर, मी जत्रेच्या नाटकांत प्रॉम्प्टर होतो. माझ्या आवाजात आणि चेहऱ्यात रंगभूमीला उपयोगी पडेल असे काही नव्हते. डोळे मात्र चांगले होते आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात वाचता येई. बारावी विज्ञानाला मी म्हापशाला जात असे. त्या वेळी चोपडे-शिवोली पूल झालेला नव्हता. फेरीबोटीने शापोरा ओलांडून पुढे बस. फेरीबोटीवर माझ्या मांडीवर भौतिकशास्त्राचे पुस्तक असे आणि तोंडात ‘एकच प्याला’तील सुधाकराची भाषणे. निकाल लागला तेव्हा मी अभियंता होणार नाही हे स्पष्ट झाले, आणि त्याचे सारे खापर नाटकावर फुटले. खरे कारण गणित होते. नाटक सोडले असते तरी ते मला आले नसते, हे मी आज पन्नाशी उलटल्यावर मोकळेपणाने कबूल करतो. वडील मात्र अखेरपर्यंत गडकऱ्यांवर रुष्ट राहिले. पुढे त्याच नकला पाठ असल्याने मी मराठीत एम. ए. झालो. पण हे मी आवडीच्या बाजूचा पुरावा म्हणून सांगत नाही. सगळ्याच प्रॉम्प्टरांना प्राध्यापकाची नोकरी मिळत नाही.

अशा व्याख्यानांत उदाहरणे ठरलेली असतात. डॉ. श्रीराम लागू पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना नाटकात शिरले, शल्यविशारद झाले आणि 1969 मध्ये पूर्णवेळ नट झाले, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ असून दिग्दर्शक झाले. ही उदाहरणे खरी आहेत आणि मीही ती वर्गात पुष्कळदा दिली आहेत. परंतु तालमीपायी ज्यांचे वर्ष गेले आणि पुढे काहीच हाती लागले नाही, अशी माणसेही आपल्या प्रत्येक वाड्यावर आहेत. त्यांना कोणी व्याख्यानात बोलावत नाही. पालक त्यांना पाहतात. म्हणून पालकांची भीती मी कधी हसण्यावारी नेत नाही.

ती भीती नीट समजून घेतली पाहिजे. डिचोली महालात एक पूर्ण पिढी खनिजाच्या ट्रकांवर जगली. कर्ज काढून ट्रक घ्यावा, खेपा कराव्यात, घर बांधावे. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या आणि अंगणात उभे राहिलेले ट्रक मुलांनी रोज पाहिले. पेडणे महालात नदीपलीकडची शेती, किनाऱ्यावरचा मोसमी धंदा, आणि आता 2023 च्या जानेवारीपासून मोपाच्या विमानतळावरील नोकऱ्या. ज्या बापाच्या पायाखालची जमीन एकदा सरकली आहे, तो मुलाच्या गुणपत्रिकेकडे सात-बाराच्या उताऱ्यासारखा पाहतो. त्यात गोव्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय एकच, बांबोळीचे. त्याचा दरवाजा आता ‘नीट’च्या 720 गुणांतून उघडतो. अशा घरात जाऊन “कलेने माणूस समृद्ध होतो” हे वाक्य उच्चारायला धैर्य लागते, आणि उच्चारणाऱ्याची नोकरी बहुधा कायम असते.

आता ती चूक. खाणी बंद पडल्यानंतरच्या वर्षांतील गोष्ट आहे. डिचोली महालातील एक मुलगा अकरावी विज्ञानात होता. वडील ट्रकमालक; ट्रक अंगणात, कर्जाचे हप्ते चालू. मुलगा पखवाज वाजवी. त्याच्या आजोबांनी गावच्या भजनी मंडळात पखवाज धरला होता आणि तो आजोबांच्या मांडीवरूनच शिकला. कला अकादमीच्या भजनी स्पर्धेत त्या मंडळाबरोबर तो बसला तेव्हा त्याचे पाय जेमतेम नीट दुमडत होते. वडील त्याला घेऊन माझ्याकडे आले. “सर, तुम्ही सांगा. माझं ऐकत नाही.” मी त्याला समजावले. दोन वर्षे पखवाज गवसणीत घालून ठेव, प्रवेश मिळाला की पुन्हा काढ, वाद्य कुठे पळून जात नाही, असे काहीतरी मी बोललो. मुलगा आज्ञाधारक होता. त्याने ऐकले.

त्याला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. आज तो पुण्यात चांगल्या नोकरीत आहे, घराचे कर्ज त्याने फेडले. तेव्हा माझा सल्ला सर्वस्वी वाईट ठरला असे मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण काही वर्षांनी श्रावणातल्या सप्ताहाला मी त्याच्या गावी गेलो होतो. मंडळाची पाळी रात्री होती. बुवा मला बाजूला घेऊन म्हणाले, “मास्तर, पखवाजी भाड्यानं आणलाय. तोंडावर बोलत नाही, पण तुम्हाला ठाऊक असावं.” त्यानंतरच्या चतुर्थीत तो मुलगा भेटला. मी विचारले, आता वाजवतोस ना? तो हसून म्हणाला, “सर, बोल आठवतात. बोटांत येत नाहीत.” मग, इतक्या उशिरा, मी त्याला तो प्रश्न विचारला जो त्याच्या वडिलांसमोर पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता : तू पखवाजाला वेळ तरी किती देत होतास? गुरुवारी रात्री दीड तास भजन आणि रोज संध्याकाळी अर्धा तास हात, एवढाच. “आणि सोडल्यावर त्या वेळात अभ्यास केलास?” तो म्हणाला, “पुस्तक पुढ्यात घेऊन बसायचो, सर.”

आठवड्याला साडेचार-पाच तास. मी ते मोजले नव्हते. वडिलांनी मोजले नव्हते. आम्ही दोघेही एका वेडाशी लढत होतो आणि तेथे वेड नव्हतेच, एक सवय होती.

तेव्हापासून माझ्याकडे कोणी पालक आले की मी प्रथम कागद-पेन्सिल काढतो. आठवड्याचे तास 168. झोपेचे छप्पन्न धरू; त्यात काटकसर करू नये. उच्च माध्यमिक विद्यालयाचे छत्तीस. म्हापशाचा किंवा डिचोलीचा शिकवणीवर्ग नऊ तास. हरमल, केरी किंवा मये, कुडणे येथून जाण्या-येण्याचे बारा तास. ही आपल्या महालांची खास पट्टी आहे, पणजीच्या मुलाला ती भरावी लागत नाही. जेवण, आंघोळ, घरची कामे सतरा. रोज चार तास स्वतःचा अभ्यास धरला तर अठ्ठावीस. बेरीज 158 होते. दहा तास उरतात. हे दहा तास कोठे जातात हे मुलाला विचारले की तो जमिनीकडे पाहतो आणि वडील त्याच्या खिशातील मोबाइलकडे. पखवाजाला त्यातले पाच दिले तरी पाच उरतात.

अर्थात बेरीज सरळ असली तरी वर्ष सरळ नसते. तुळशीचे लग्न झाले की पेडणे महालात जत्रा सुरू होतात आणि दशावतार रात्रभर चालतो. बारावीची परीक्षा अलीकडे फेब्रुवारीत येते. म्हणजे नेमका मधला काळ जत्रांचा. रात्री संकासुर पाहून सकाळी रसायनशास्त्राचा तास गाठणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. ते तासाला येतात, पण येतात म्हणजे काय ते सर्व शिक्षक जाणतात. दहावीच्या परीक्षेवर शिगम्याचे ढोल वाजतात. ‘नीट’ मेच्या पहिल्या रविवारी आणि शिरगावच्या लईराईची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला; काही वर्षी दोन्ही एकाच आठवड्यात येतात आणि व्रतस्थ धोंडांत परीक्षार्थी मुलेही असतात. येथे माझे मत कडक आहे. बारावीच्या वर्षी जत्रेच्या नाटकात मोठी भूमिका घेऊ नये. दिग्दर्शकाला हे दिवाळीत नव्हे, चतुर्थीपूर्वीच सांगावे, म्हणजे त्याचीही अडचण होत नाही. रात्रीची जागरणे त्या वर्षापुरती एक-दोनच. पण रोजचा हात, आठवड्याचे भजन, संध्याकाळचा मैदानावरचा तास यांना हात लावू नये. तालीम आणि रियाज यांत फरक आहे. तालीम पुढच्या वर्षी पुन्हा करता येते, तुटलेला रियाज त्या वयात जुळणे फार कठीण. आणि आवड एकच असावी. पेटी, चित्रकला, कराटे आणि बुद्धिबळ असे चार वर्ग लावलेल्या मुलाला मी आवड असलेला मुलगा म्हणत नाही. तो प्रवासी आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, सर्टिफिकेटांच्या. आपले मंडळ खेळाडू विद्यार्थ्यांना क्रीडा गुण देते, ही चांगली सोय आहे. महाराष्ट्रात दहावीला शास्त्रीय संगीत-नृत्य, लोककला आणि चित्रकला यांतील प्रावीण्याचे वाढीव गुण मिळू लागले. दिल्ली विद्यापीठात खेळाडू आणि कलावंत मिळून पाच टक्क्यांपर्यंत जादा जागा असतात. कलावंतांच्या गुणवत्तेत तीन चतुर्थांश भार प्रमाणपत्रे व प्रत्यक्ष चाचणी यांना आणि एक चतुर्थांश प्रवेश परीक्षेला असतो. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या अमेरिकन अर्जात दहा उपक्रमांसाठी दहा जागा असतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर यांतील भिंत नको असे म्हटले आहे. हे सर्व ऐकून पालकांना वाटते की वारे फिरले. फिरलेही असेल. परंतु या अमेरिकन पद्धतीचा इतिहास फारसा गोड नाही. 1922 मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांना परीक्षेत गुण मिळवून येणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांची संख्या फार वाटू लागली. ती वर्गाच्या पाचव्या हिश्शावर गेली होती. उघड मर्यादा घालण्याचा त्यांचा प्रस्ताव मान्य झाला नाही, तेव्हा 1926 पासून ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ पाहावे, अर्जाबरोबर छायाचित्र मागावे, असा मार्ग निघाला. गुणांखेरीज इतर काही पाहणे म्हणजे आपोआप न्याय, असे कोणी समजू नये. कोणाकडे तबल्याचा शिक्षक घरी येतो आणि कोणाला शेवटची बस गाठायची असते, हे प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते.

मला भीती वाटते ती वेगळीच. ज्या बापाने काल पखवाज सोडायला लावला, तोच आज प्रमाणपत्रासाठी तो धरायला लावील. मुलाचे हात दोन्ही वेळा दुसऱ्याच्याच हिशेबात. जानेवारीत क्रीडा गुणांसाठी धावणारी आणि फेब्रुवारीत धावायची थांबणारी मुले शाळाशाळांतून दिसतात. आपल्या पेडणे महालातील शासकीय महाविद्यालयाला संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव आहे. बांद्याचे हे कुलकर्णी हिशेबाचे दप्तर खाली ठेवून निघून गेले. आजच्या पालकसभेत त्यांना काय सल्ला मिळाला असता, याची कल्पना मी अधूनमधून करतो.

मुलींविषयी थोडे. वर केलेल्या बेरजेत घरकामाचे तास मी मुलाचे धरले. मुलीचे धरले तर दहा तास उरतच नाहीत. भावाचा अभ्यास चालू म्हणून तिने पाणी भरायचे आणि तिचा अभ्यास चालू म्हणून तिने भजनाला जायचे नाही, हा हिशेब मी चांगल्या शिकलेल्या घरांत पाहिला आहे. पौषात धालोच्या मांडावर जी मुलगी शंभर ओव्या न अडखळता म्हणते, तिला बारावीत पाठांतर कच्चे असल्याचे सांगण्यात येते. तिच्या संगीत महाविद्यालयाच्या अर्जावर सही करताना एका वडिलांनी मला विचारले होते, “सर, यावर लग्न जमेल का?” मी उत्तर दिले नाही. सही झाली, एवढे पुरे होते.

शेवटी आपल्या वाचनालयाकडे येतो. नोव्हेंबरपासून परीक्षेपर्यंत वाचनकक्ष रात्री नऊपर्यंत उघडा ठेवण्याचे कार्यकारिणीने ठरविले, याचा घरी स्वतंत्र खोली नसलेल्या मुलांना किती उपयोग होतो ते मी पाहतो. मात्र सूचनावहीत एका सभासदांनी केलेली नोंदही माझ्या वाचनात आली. मागील खोलीत शनिवारी चालणाऱ्या भजनवर्गाचा अभ्यास करणाऱ्यांना त्रास होतो, तरी परीक्षेच्या काळात तो बंद ठेवावा, अशी ती नोंद आहे. सभासदांचा हेतू चांगला आहे, याबद्दल शंका नाही. म्हणून गेल्या शनिवारी मी मुद्दाम वाचनकक्षात जाऊन बसलो. सायंकाळी पाचला मागे पखवाजाला कणीक लावल्याचा आणि मग पहिल्या थापेचा आवाज आला. कक्षात अकरा मुले होती. त्यांतील तिघे पुस्तके पालथी घालून उठले आणि मागे गेले. सहा वाजता ते परत आले, पुस्तके सरळ केली आणि पुढे वाचू लागले. उरलेल्या आठांपैकी कोणी मान वर केली नव्हती. कार्यकारिणीने निर्णय घेण्यापूर्वी एक शनिवार तेथे बसावे, अशी माझी विनंती आहे.